बागुलबुवा पाळायचा असेल तर

जग फार बिघडलंय, असं तुम्हाला हल्ली रोज वाटतं. सकाळचा पेपर चहाबरोबर घशाखाली उतरत नाही. मुलीला क्लासहून यायला दहा मिनिटं उशीर झाला की तुम्ही गॅलरीत येऊन उभे राहता. मग रात्री पडल्या पडल्या डोळ्यांसमोर चित्र येतं. कुठेतरी लांब रानाच्या कुशीत दहा-बारा चांगली कुटुंबं घेऊन एक छोटंसं गाव वसवावं. तिथे पैसा नको, बातम्या नकोत, मोबाईल तर नकोच नको. असं चित्र तुम्हाला दिसत असेल तर तुमचं आधी अभिनंदन. पेनसिल्व्हेनियातल्या एका इतिहासाच्या प्राध्यापकाचं हे सगळं करून झालंय. ते कसं करावं याची साद्यंत कृती एम. नाइट श्यामलन यांनी २००४ साली ‘द व्हिलेज’ या सिनेमात दाखवून ठेवली आहे. लोक त्याला रहस्यपट म्हणतात. मी तो तीनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा वही-पेन घेऊन बसलो, कारण ती सरळसरळ मार्गदर्शिका आहे.

सिनेमाचं रहस्य फुटेल म्हणून ज्यांना धास्ती वाटते त्यांनी इथेच थांबावं. पण मग तुम्ही गाव काय चालवणार? गाव चालवणाऱ्याला शेवट आधीपासून माहीत असावा लागतो. बाकीच्यांना तो नसला की झालं.

सुरुवात माणसं निवडण्यापासून करा. नातेवाईक घेऊ नका, ते प्रश्न विचारतात. दुःखी माणसं घ्या, आणि त्यांचं दुःख खरं असू द्या. इथे काटकसर नको. सिनेमातल्या त्या प्राध्यापकाने, एडवर्ड वॉकरने, आपले पंच शोधले ते शोकग्रस्तांना धीर देणाऱ्या एका समुपदेशन केंद्रात. एकीच्या बहिणीला गुंडांनी मारून टाकलेलं. एकाचा भाऊ दवाखान्यात जखमी लोकांवर उपचार करायचा, त्याला एका नशेबाजाने गोळी घातलेली. एकीचा नवरा बाजाराला म्हणून गेला तो नदीत सापडला. वॉकरच्या स्वतःच्या वडिलांना त्यांच्याच धंद्यातल्या भागीदाराने झोपेत मारलेलं. इतकं सोसलेल्या माणसांना ‘चला, असं काही होणारच नाही अशा जागी राहायला जाऊ’ म्हटलं तर नाही कोण म्हणेल? मीही म्हटलं नसतं. म्हणून तर ही योजना धोक्याची, म्हणजे आपलं, यशाची आहे.

प्रत्येक पंचाने आपल्या दुःखाचे कागद, फोटो, कात्रणं एका काळ्या पेटीत घालून घराच्या कोपऱ्यात ठेवावीत आणि कुलूप लावावं. पेटी माळ्यावर टाकू नका, सगळ्यांना दिसू द्या. ‘यात काय आहे?’ या पोरांच्या प्रश्नाला ‘मोठा झालास की कळेल’ एवढंच उत्तर द्यायचं, आणि पोरगं मोठं झालं की तेच उत्तर आवाज जरा खाली आणून पुन्हा द्यायचं. विल्यम हर्टने वॉकरच्या भूमिकेत हा खालचा आवाज इतका छान लावलाय की प्रेक्षक म्हणून मीसुद्धा दोनदा मान डोलावली. थापा नेहमी मऊ आवाजात माराव्यात. ओरडणाऱ्या माणसाला मुलं तपासून बघतात.

आता पैशाचं. गावात पैसा नसावा, पैसा माणसाला बिघडवतो, हे वॉकरचं तत्त्व आहे आणि ते उत्तमच आहे. मात्र गावात पैसा नसायला हवा असेल तर गावाबाहेर तो मुबलक असावा लागतो. हा तपशील तत्त्वज्ञान सांगताना गाळला तरी चालेल. वॉकरचे वडील गडगंज होते. त्यांच्या पैशातून भलं मोठं रान घेतलं, त्याला वन्यजीव अभयारण्य असं नाव दिलं, भोवती भिंत घातली आणि भिंतीलगत गस्त घालायला जीपगाड्यांसह पगारी रखवालदार ठेवले. आकाशातून विमान दिसलं तर एकोणिसाव्या शतकाचं मातेरं होईल, म्हणून रानावरून विमानं जाऊ नयेत याचीही सरकारदरबारी व्यवस्था लावली. आत माणसं चरबीचे दिवे लावून जगाच्या लोभाला नावं ठेवतात आणि त्या नावं ठेवण्याचा खर्च बाहेर कुठल्या तरी खात्यातून दरमहा वळता होतो. तुमच्या ओळखीत बँकवालं कोणी असेल तर त्याला पंच करा. धर्मगुरूपेक्षा उपयोगी पडेल.

रखवालदारांना खरं सांगू नका. आत दुर्मीळ प्राणी आहेत, त्यांना त्रास नको, म्हणा. ते अगदी खोटंही नाही. रखवालदारांचा साहेब तरुण पोराला बजावतो की कुणाशी गप्पा मारत बसू नकोस, आपलं काम लोकांना आत येऊ न देणं एवढंच. तो साहेब म्हणजे खुद्द श्यामलन. चेहरा समोरून दाखवत नाही, काचेत पडलेलं प्रतिबिंब तेवढं दिसतं. केरळच्या किनाऱ्यावरच्या, पण पुद्दुचेरीत मोडणाऱ्या माहे गावी जन्मलेला आणि तान्हेपणीच पेनसिल्व्हेनियात नेलेला हा माणूस. त्याने आपल्याच सिनेमात बाहेरच्यांना आत येऊ न देण्याची नोकरी स्वतःकडे घ्यावी, यावर मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. पण गेटवरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाशी आपण वाद घालत नाही.

काळ तुम्ही ठरवायचा. इतिहासाचा प्राध्यापक असण्याचा हा खरा फायदा. सिनेमा उघडतो तो एका सात वर्षांच्या मुलाच्या दफनावर, आणि थडग्यावर साल कोरलंय १८९७. मूल आजचं, मरण आजचं, साल तेवढं शतकापूर्वीचं. कॅलेंडर छापायचं काम पंचांच्या हातात असेल तर कुणाच्या बापाची टाप आहे तारीख विचारायची? भाषाही जुनी करून घ्या. गावात सगळे जड, गोलगोल, पुस्तकी इंग्रजी बोलतात. इंग्रजीत ते किती जुनं वाटतं मला सांगता येणार नाही, पण आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांत ‘आम्ही निघतो, आज्ञा असावी’ म्हणत लोक पाणी प्यायला उठतात, तसलं काहीसं कानाला लागतं. परीक्षकांना ते कृत्रिम वाटलं आणि त्यांनी तसं लिहिलंही. त्यांना कळलं नाही. ती बोली कृत्रिमच आहे. शिकवून शिकवून बसवली आहे, आणि दुसरी कधी ऐकलीच नसेल तर माणूस तीतच प्रेमही करतो.

इथवर झालं ते बांधकाम. गाव चालतं ते बागुलबुवावर.

बागुलबुवा निवडताना आपण मराठी लोक फार घाई करतो. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’, नाहीतर ‘पोलीसमामाला बोलवीन’. हा एका रात्रीचा माल झाला. पाचव्या वर्षी पोरगं पोलिसाशी हात मिळवून येतं आणि संपलं. कव्हिंग्टनच्या, म्हणजे सिनेमातल्या त्या गावाभोवतीच्या, रानातला बागुलबुवा पिढ्या पुरवायचा आहे, म्हणून त्याला नावच दिलेलं नाही. ‘ज्यांच्याविषयी आपण बोलत नाही ते’ असा त्यांचा उल्लेख होतो, आणि दिवसभर सगळे त्यांच्याविषयीच बोलत असतात. ही युक्ती आपल्याला परकी वाटू नये. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. माझी आजी ‘लांबडं’ म्हणायची तेव्हा ते निदान तीन हात जास्त लांब वाटायचं.

मग रंग. लाल वाईट, कारण लाल रंग त्यांना खुणावतो. पिवळा सुरक्षित, म्हणून वेशीवर पिवळी निशाणं आणि पहाऱ्यावरच्यांना पिवळे झगे. रॉजर डीकिन्सने कॅमेऱ्यामागून हे दोन रंग इतके जपून वापरलेत, की अंगण झाडणाऱ्या दोन हसऱ्या मुली एक लाल फूल दिसताच ते उपटून मातीत पुरतात तेव्हा आपल्यालाही हुश्श होतं. मुलींना कुणी रागावलेलं नाही. कुणी बघतही नव्हतं. पंचांनी हा प्रसंग कौतुकाने बघावा. नियम पाळायला शिपाई लागेनासा झाला की समजावं, गाव मार्गी लागलं. आपल्याकडे रंग बदलून घ्यावा लागेल हे खरं. कुंकवाचं काय करायचं हा पहिला प्रश्न, आणि लाल रंगावर बंदी आणली तर एसटी वेशीबाहेरच थांबणार. तसा आपला हेतू तोच आहे म्हणा.

बागुलबुवाचा पोशाख पंचांनी पाळीपाळीने घालावा. काटे, नख्या, लाल झगा, सगळं एका जुन्या खोपटात ठेवावं आणि त्या खोपटाकडे फिरकायचं नाही असा नियम करावा. रानातून अधूनमधून आवाज काढावेत. कुणी पोरगा वेस ओलांडून गेलाच, जसा ल्यूशस हंट जातो, तर त्या रात्री पोशाख घालून गावात फिरावं आणि दारादारांवर लाल फराटे ओढून यावं. कातडी सोललेली जनावरं दिसू लागली की कुणी केलं हे विचारत बसू नये. एखादा पंच जास्त मन लावून काम करतोय असं समजावं. (ते पंचाचं काम नसतं, पण आत्ता नको.) सकाळी सभा घेऊन म्हणावं, आपल्यातल्या कुणीतरी आगळीक केली. पोरगा स्वतः उठून कबुली देतो. वाकीन फिनिक्सचा ल्यूशस इतका सरळ आहे की तो पंचांना माफीची चिठ्ठी लिहितो. जे जनावर मुळात नाही, त्याच्या रागाबद्दल तो खऱ्याखुऱ्या माणसांची माफी मागतो. हे दृश्य मी दोनदा मागे नेऊन पाहिलं.

एका गोष्टीला मात्र तुमचा इलाज नाही. पोरं खेळ काढतात. रानाच्या काठावर झाडाचा बुंधा आहे. त्यावर रानाकडे पाठ करून हात पसरून उभं राहायचं, कोण जास्त वेळ टिकतो बघायचं. पंचांनी वर्षानुवर्षं खपून भीती उभी केली आणि कारट्यांनी तिची आट्यापाट्या केली. चालू द्या. भीतीशी खेळणारं पोर भीती खोटी आहे असं म्हणत नसतं.

भीतीचा धंदा सिनेमावाल्यांनाही कळतो. ‘द व्हिलेज’ लागण्याच्या आधी अमेरिकेत साय-फाय वाहिनीने श्यामलनवर एक तीन तासांचा माहितीपट दाखवला. त्याच्या आयुष्यात काहीतरी गूढ गाडलेलं आहे, ते उकरू नये म्हणून तो चित्रीकरण थांबवू पाहतोय, असा त्याचा सूर. मग वाहिनीला कबूल करावं लागलं की सगळा बनाव होता, त्याचाही त्यात हात होता. म्हणजे खोट्या भुताच्या सिनेमाला खोटं भूत. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत पाच कोटी डॉलर गोळा झाले. दुसऱ्या शनिवार-रविवारी कमाई एक तृतीयांशावर आली, कारण तोवर लोकांनी एकमेकांना शेवट सांगितला होता. जगभरात एकूण पंचवीस कोटींच्या वर गेला, तोटा कुणालाच झाला नाही. पण गाव काढणाऱ्याने आकडा बघावा तो त्या दुसऱ्या आठवड्याचा. रहस्य उघड्यावर सात दिवस टिकतं. भिंत घाला.

आता येतो तो नाजूक भाग. मुलं आजारी पडतात.

ज्या सात वर्षांच्या पोराला पहिल्या दृश्यात पुरतात, त्याचा बाप म्हणजे ऑगस्ट निकल्सन. हा स्वतः पंच आहे. ब्रेंडन ग्लीसन त्या छोट्या पेटीवर डोकं टेकून रडतो. भिंतीपलीकडे औषधं आहेत हे त्याला माहीत आहे. तिथे जमलेल्या सगळ्या पंचांना ते माहीत आहे, आणि सगळे मिळून त्या पोराच्या नावापुढे १८९७ कोरतात, कारण १८९७ मध्ये पोरं जातात, त्याला कुणाचा काय इलाज? तारखेचा याहून चांगला उपयोग मला अजून कुठे दिसलेला नाही.

इथे कुणी तुम्हाला अमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा दाखला देईल. त्याच पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टर परगण्यात ते राहतात. घोडागाडीतून फिरतात, घरात सरकारी वीज घेत नाहीत, जगापासून चार हात लांब राहावं असं त्यांच्या धर्मातच आहे. त्यांची उदाहरणं ऐकून घेऊ नका, ते आपला धंदा बिघडवतील. कारण मूल आजारी पडलं की अमिश बाप डॉक्टरकडे जातो. मूठभर पूर्वजांचीच प्रजा आपसांत लग्नं करत राहिल्याने त्यांच्यात काही दुर्मीळ आनुवंशिक आजार दिसतात. त्यासाठी तिथे १९८९ साली खास मुलांचा दवाखाना सुरू झाला, आणि त्याची इमारत उभारायला अमिश आणि मेनोनाइट (त्यांच्याच नात्यातला दुसरा पंथ) शेजारीच अवजारं घेऊन आले. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, ते लोक अजून आहेत. काटेरी पोशाख एकाच्याही खोपटात नाही. यातून काय घ्यायचं? काहीच नाही. पुढे चला.

ल्यूशसला सुरा लागतो. तो बागुलबुवाने मारलेला नसतो, नोआ पर्सीने मारलेला असतो. हा गावातला भोळसट पोरगा, एड्रियन ब्रॉडीने केलेला. ल्यूशसचं आणि वॉकरच्या मुलीचं, आयव्हीचं, लग्न ठरलं हे त्याला सोसत नाही. ज्या खूनखराब्याला भिऊन पंच रानात आले तो खूनखराबा दाराशी नीट वाढून, जेवूनखाऊन मोठा झालेला आहे. भिंतीवर एवढा खर्च केल्यावर हे फार अन्यायाचं वाटतं. पंचांची अशा वेळी होणारी चिडचिड समजून घ्यावी.

नोआवर नजर ठेवायला हवी होती हे मात्र मी म्हणेन. ‘ते’ गावात येतात तेव्हा सगळे तळघरात लपतात आणि हा हसत असतो. ज्याला भीती वाटत नाही त्याला तुमचं गाव कळलेलं असतं, किंवा काहीच कळलेलं नसतं, आणि दोन्ही प्रकार वाईट. त्याला कोंडून ठेवतात त्या खोलीच्या फळ्यांखालीच बागुलबुवाचा एक जादा पोशाख लपवलेला होता. काळजी एवढीच घ्या, की पोशाख आणि कैदी एका खोलीत ठेवू नका.

औषध आणायला कुणाला पाठवावं? इथे वॉकरची बुद्धी बघा. तो आपल्या आंधळ्या मुलीला पाठवतो. प्रेमापोटी पाठवतो, हे खरं. ब्राइस डॅलस हॉवर्डची आयव्ही असा हट्ट धरते की बापाचं काही चालत नाही. पण गावभर डोळस तरुण असताना जीप, डांबरी रस्ता, गणवेश यांतलं काहीही दिसणार नाही अशीच एक मुलगी निघते, हेही खरं. निघण्याआधी तो तिला त्या खोपटात नेतो आणि पोशाखाला हात लावायला सांगतो. सोबत दिलेले दोन पोरगे, ज्यांना कुणी खोपटात नेलेलं नाही, ते अर्ध्या वाटेतून माघारी पळतात. भीती उत्तम काम करते आहे. फक्त ज्या दिवशी ती नको होती त्या दिवशीही करते.

पुढचं सगळं तिने एकटीने केलेलं आहे. रानात खरोखर पोशाख घालून कुणीतरी तिच्या मागे लागतं, ती त्याला हुलकावणी देऊन खड्ड्यात पाडते, आणि तो नोआ निघतो, मेलेला. भिंत चढून ती पलीकडे उतरते. तिथे तो तरुण रखवालदार उभा असतो. ती त्याच्या हातात औषधांची यादी आणि बापाचं सोन्याचं घड्याळ देते.

इकडे पंच ल्यूशसच्या खाटेभोवती जमतात. पेट्या उघडलेल्या आहेत, फोटो बाहेर आलेले आहेत. सगळं सोडून परत जायचं का, एवढाच विषय आहे. तेवढ्यात बातमी येते की आयव्ही परतली आणि रानात तिने ‘त्यांच्यातल्या’ एकाला मारलं. तो नोआ होता हे पंचांना लगेच कळतं. वॉकर त्याच्या आईबापाला खालच्या आवाजात समजावतो की तुमच्या मुलामुळे आपल्या गोष्टी खऱ्या झाल्या. तो ‘त्यांच्या’ हातून मेला असं आपण सांगू. मग एकेक पंच उठून उभा राहतो. आईबापसुद्धा. ठराव एकमताने मंजूर. तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत इतक्या शांतपणे कधी काही मंजूर झालंय का? दोन मुलं मातीत, एक खाटेवर आणि एक रानातून चाचपडत परतलेलं, एवढ्या भांडवलावर गाव आणखी एक पिढी निघेल.

तेव्हा तयारी पुरी झाली. आता फक्त परत आलेल्या मुलीची काळजी. तिला बसवा, पाणी द्या, औषधांची पिशवी ताब्यात घ्या. बाटल्यांवरची लेबलं काढून टाका, तारखा असतात. झग्याला चिखल लागलाय तो धुऊन टाका. तिने काही पाहिलेलं नाही, त्यामुळे विचारण्यासारखं फारसं नाही. पण एक गोष्ट तिने ऐकलेली आहे. भिंतीपलीकडच्या त्या माणसाच्या बोलण्यात तिला माया ऐकू आली होती, आणि याची अपेक्षा नव्हती, असं तिने त्याला तोंडावर सांगितलंही होतं. झडतीत हे सापडत नाही. म्हणून तिलाही एक काळी पेटी करून द्या, इतर पंचांच्या असतात तशीच. कुलूप जरा मोठं बघून घ्या.